बेणे जावाचे, मालकी कोणाची?



आपल्या कार्यक्षेत्रात आज बहुतेक रानांत ८६०३२ उभा आहे. बेणे नेताना सभासद फुटवा विचारतो, उतारा विचारतो, खोडवा कसा येतो ते विचारतो. कूळ मात्र कुणी विचारत नाही. सोयरीक जुळवताना चार गावांत चौकशी करणारी आम्ही माणसे, पण बेण्याच्या आईबापाचे नाव आम्हांला ठाऊक नसते. ते आज सांगायचे कारण, त्या कुळाच्या मागे जी हकीकत आहे ती आपल्या शेअरशी येऊन भिडते.

८६०३२ चा बाप कोसी ६७१. त्याचा बाप को ७७५. आणि को ७७५ ची आई पीओजे २८७८, म्हणजे जावा बेटावरचा ऊस. वाडवडिलांनी पिकवलेल्या ४१९ ची आईसुद्धा हीच. पीओजे ही 'पूर्व जावा संशोधन केंद्र' या डच नावाची आद्याक्षरे. हे केंद्र पासुरुआन गावी १८८७ साली निघाले आणि २८७८ चा संकर तेथे १९२१ साली झाला. त्याच्या आजोळी गेले की आपण पश्चिम जावातल्या चेरेमाई डोंगरावर पोचतो. हा ३,०७८ मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्याच्या पायथ्याला लिंगरजाती नावाचे खेडे आहे आणि उत्तरेला समुद्रकाठी चेरिबोन हे बंदर. आपल्याकडे या खेड्याचे नाव कुणी ऐकलेले नसेल. पण या एका मुलखात उसाचे आणि ऊसवाल्याचे काय काय झाले, ते पाहण्याजोगे आहे.

चेरिबोनचा काळा ऊस एके काळी जगभर नावाजलेला होता. जाड, रसाळ, गोड. १८८० च्या सुमारास जावात त्याच्यावर सेरेह रोग पडला. सेरेह म्हणजे तिकडे गवती चहा. रोगट ऊस कांडी धरीना, गवती चहाच्या ठोंबासारखा नुसता पाल्याचा झुबका होऊन बसे. निरोगी बेणे उंच डोंगरावरच्या मळ्यांतून खाली आणावे लागे आणि तो खर्च कंबर मोडणारा होता. त्याच काळात चेरेमाईच्या उतारावर कासूर नावाचा एक ऊस सापडला. चेरिबोनच्या काळ्या उसाचा तिथल्या रानगवताशी आपोआप झालेला हा संकर. बारीक, कमी गोडीचा. आपल्याकडच्या गुऱ्हाळवाल्याने त्याला दारात उभे केले नसते. पण त्याला सेरेह लागत नव्हता! शास्त्रज्ञांनी त्याची गोडीच्या उसाशी पुन्हा पुन्हा सोयरीक केली. पुढे २८७८ निघाला आणि १९३० पर्यंत जावाचे जवळजवळ सगळे ऊसक्षेत्र त्याने व्यापले. एकरी उत्पन्नात तेव्हा जावाचा हात धरणारे जगात फारसे कुणी नव्हते.

आता ज्याच्या रानात हा ऊस उभा होता त्याचे काय, ते बघा.

१८३० साली डच सरकारने तेथे सक्तीची लागवड सुरू केली. नियम सांगे, गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारी पिकाला द्या. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त जाई. भाताचा मुलूख असलेल्या चेरिबोन भागात १८४० नंतरच्या दशकात दुष्काळ पडून माणसे मेली, ती नुसती पाऊस नव्हता म्हणून नव्हे. १८७० च्या कायद्याने सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि खंड आला. कंपनी गावकऱ्यांची भातखाचरे खंडाने घ्यायची, मजूर लावून खोल सऱ्या खोदायची, दीड वर्षे ऊस ठेवायची आणि तोडणीनंतर जमीन परत द्यायची. मग गावकरी त्या सऱ्या बुजवून भात लावायचा. तोवर कंपनी शेजारचे शेत धरायची. शेतकरी आपल्याच बांधावर रोजंदारीला. बऱ्याच कालव्यांवर पाण्याचा नियम असा, की दिवसा पाणी उसाला आणि रात्री भाताला. रात्रीच्या लाईटवर पाणी धरणाऱ्या आपल्या सभासदाला याचा अर्थ फोडून सांगायला नको.

खंड रोख मिळे, पुष्कळदा आगाऊच मिळे. म्हणून तक्रारही फार होत नसावी. गरजवंताला उचल गोड लागते.

मग १९३० ची मंदी आली. जावाच्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपला हिंदुस्थान. येथे १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली. त्या आडोशाला आपल्याकडे वालचंदनगर, रावळगाव, माळीनगर उभे राहिले. चांगलेच झाले. पण तिकडे १९३० साली २९ लाख टनांच्या आसपास असलेली साखर १९३५ साली जेमतेम ५ लाखांवर आली. सुमारे १८० कारखान्यांपैकी चाळीससुद्धा चालू राहिले नाहीत. आपल्या संरक्षणाची किंमत जावाच्या खेड्यांनी मोजली, हे आपण कधी बोलत नाही, बोलले पाहिजे. आणि किंमत मोजली ती खंडवाल्याने आणि मजुराने. बंद करायचे का, किती करायचे, यात त्याला मत नव्हते. बेणे जगात एक नंबर होते, उतारा होता, यंत्रे होती. कारखान्याच्या कागदावर नाव तेवढे नव्हते.

लिंगरजातीचे नाव इतिहासात आले ते पुढे. नोव्हेंबर १९४६ मध्ये इंडोनेशियाचे पंतप्रधान सुतान शहरीर आणि डच सरकारचे प्रतिनिधी या खेड्यातल्या एका बंगल्यात वाटाघाटीला बसले. जाकार्ता डचांच्या हाती, जोगजाकार्ता प्रजासत्ताकाच्या हाती, म्हणून मधले हे ठिकाण. २५ मार्च १९४७ रोजी करारावर सह्या झाल्या. जावा, सुमात्रा आणि मदुरा येथे प्रजासत्ताकाची सत्ता आहे, हे डचांनी मान्य केले. त्याच करारात १४ वे कलम होते. परकीयांचे हक्क आणि मालमत्ता त्यांना परत मिळावी, अशी त्यात तरतूद. मळे आले, साखर कारखाने आले. कारखान्याच्या मालकाची आठवण त्या टेबलावर ठेवली गेली. भातखाचर ज्याचे होते, त्याच्यासाठी असे कलम निघाले नाही.

एवढे देऊनही चार महिने निभले नाहीत. २१ जुलै १९४७ ला डच फौजा चालून आल्या. मोहिमेचे नाव काय, तर 'प्रॉडक्ट', म्हणजे उत्पादन! मळे आणि कारखाने ताब्यात घेणे हा हेतू नावातच उघड होता. तेव्हा बिजू पटनायक यांनी स्वतः विमान नेऊन शहरीर यांना बाहेर काढले, आणि आपल्या स्वातंत्र्याला पंधरवडा उरला असताना भारताने ऑस्ट्रेलियाबरोबर हा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला.

डच कारखाने अखेर १९५७-५८ मध्ये सरकारजमा झाले. मालक बदलला, खंड राहिला. १९७५ साली राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला, की खंड बंद, शेतकऱ्याने स्वतः ऊस करावा, कर्ज गावच्या सहकारी संस्थेतून घ्यावे. ऐकायला आपल्यासारखेच वाटते. पण कुठल्या शिवारात यंदा ऊस हे साहेब ठरवीत, भात परवडत असला तरी ऊसच लावावा लागे. संस्था वरून उतरली होती, गावाने वर्गणी काढून उभारलेली नव्हती. १९९८ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला. एके काळी क्यूबाच्या खालोखाल साखर परदेशी पाठवणारा हा मुलूख. आज इंडोनेशिया जगातल्या मोठ्या आयातदारांपैकी एक आहे.

आम्ही हे का लिहितो? अलीकडे आपल्याच सभासदांच्या तोंडून ऐकू येते, "शेअर घेऊन काय मिळतं? सणाची साखर. जो चार पैसे जास्त देईल, त्याच्या गव्हाणीत ऊस टाकावा." चार पैशांची गरज आम्हांला कळते. बिल वेळेवर मिळाले नाही तर सभासद दुसरीकडे बघणारच, आणि त्याचा जाब कारखान्याने दिलाच पाहिजे. पण जावाची कंपनीही पैसे रोख देत होती. प्रवरानगरचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. तेव्हा शेतकऱ्यांनी पदरमोड करून जे विकत घेतले, ते मंदीत बसून बोलण्याचे खुर्चीवरचे स्थान होते. ते आपण वापरतो का? सर्वसाधारण सभा गणसंख्येअभावी तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच मंडपात पुन्हा भरते, आणि विषयपत्रिका 'मंजूर, मंजूर' म्हणत जेवणाच्या पंगतीआधी संपते. ताळेबंदावर प्रश्न विचारणारा एखादाच. त्याला खाली बसवणारे दहा.

शेअर वडिलांच्या नावावर, वडील वारून दहा वर्षे झाली, अशी खाती गावोगाव आहेत. त्या घरचा ऊस येतो, मत येत नाही. वारस नोंदीचे अर्ज गट ऑफिसात ठेवले आहेत. मृत्यूचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट बरोबर आणावे. वार्षिक अहवालाची प्रतही तेथेच मिळेल. सभेच्या आधी वाचून यावे.