फ्लेक्सवरचा मी!

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन झाली तेव्हा गावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. ‘गावाची शान, भावी इंजिनिअर!’ खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी उगाचच चौकातून चकरा मारल्या.

मग १२ जानेवारीला आम्ही मित्र जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेडराजाला गेलो. लखुजीराव जाधवांचा हा राजवाडा; १५९८ साली जिजाऊ इथेच जन्मल्या. जाताना रस्त्याने फ्लेक्सच फ्लेक्स. जिजाऊ कोपऱ्यात, तळहाताएवढ्या, आणि मधोमध हात जोडलेले पंधरा-वीस ‘शुभेच्छुक’. जन्मोत्सव नक्की कोणाचा?

बरं, त्या कोपऱ्यातही जिजाऊ फक्त आई. शहाजीराजे दूर असताना पुण्याची जहागीर सांभाळणाऱ्या, न्यायनिवाडा करणाऱ्या जिजाऊ मला एकाही फलकावर दिसल्या नाहीत.

तेव्हा एकदम आठवलं. माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा जास्त टक्के मिळवून नर्सिंगला गेलेली मुलगी... तिचा फ्लेक्स कुठे होता? तिच्या घरी ना पैसे होते, ना मित्रमंडळ. म्हणजे चौकात कोण दिसणार हे कर्तृत्व नाही, खिसा ठरवतो. साबण विकावा तसे आपण थोरांच्या नावावर स्वतःलाच विकतोय!

मला मोठेपणाचा राग नाही. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान दिसला की एसटीतून मीही हात जोडतो. पण तिथे नजर निदान हनुमानावरच जाते! आमचे पेंटरकाका शाळेच्या भिंतीवर जिजाऊ काढायला चार दिवस घेत. डोळे थोडे तिरपे आले तरी तो चेहरा त्यांनी स्वतः विचार करून काढलेला असे. आता सगळीकडे डाउनलोड केलेलं एकच चित्र. शिवाय फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. कुजत नाही, आणि जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर. केमिस्ट्रीत हे लिहून मार्क घ्यायचे आणि गॅदरिंगला तोच गेटवर टांगायचा?

बेकायदा फलक काढा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच बजावलंय. पण कोर्टाची वाट कशाला बघायची? यंदा गॅदरिंगला एकही फ्लेक्स नको. त्या पैशांत पेंटरकाकांकडून कॉलेजची एक भिंत रंगवून घेऊ. कारभार पाहणाऱ्या जिजाऊ! पटतंय का बघा.

आणि माझा फ्लेक्स? बाबांनी तो सोयाबीनच्या सुडीवर झाकला. अवकाळी पावसात सुडी कोरडी राहिली. माझ्या फोटोचं आजवरचं कर्तृत्व एवढंच!

– एक ‘भावी इंजिनिअर’, तृतीय वर्ष