मळीचे पाणी आणि मैल्याची टाकी

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरकडे एस.टी.ने जाताना कारखाना जवळ आला हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचे. मळीच्या पाण्याचा तो आंबूस-कुजका वास नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) वाचकांना आम्ही काय वेगळा सांगावा!

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की मागे दहा ते पंधरा लिटर काळपट, आंबट पाणी उरते. कारखान्यातले लोक त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ओढ्यात सोडले तर ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, मासे मरतात, विहिरींचे पाणी तांबडे होते. पण तेच पाणी मोठ्या हवाबंद टाकीत ठेवले, तर हवेविना जगणारे सूक्ष्म जंतू त्यातली घाण खातात आणि गॅस सुटतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच. राज्यातल्या अनेक डिस्टिलऱ्यांनी हा गॅस बॉयलरखाली जाळून इंधनाचा खर्च वाचवला. उरलेले पाणी प्रेसमडमध्ये मुरवून खत केले. काही ठिकाणी हे पाणी आटवून बॉयलरमध्येच जाळतात. त्या राखेत पोटॅश असते. आपला देश पोटॅश बाहेरून आणतो, म्हणून २०२१ मध्ये केंद्र सरकारने मळीपासूनच्या या पोटॅशलाही खताच्या अनुदानात घेतले. घाणीचे असे सोने होते, ही गोष्ट कौतुकाचीच आहे.

आमच्या मनात मात्र दुसरीच टाकी आहे. घरामागची, चाळीची, लॉजची, मैल्याची. तिच्यातही तेच जंतू, तोच मिथेन. सोबत हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो थोडा असेल तर वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते, आता वास गेला. तिथेच घात होतो. झाकण उघडून एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. ते कोणत्या वस्तीतले असतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

कारखान्याच्या गॅसला नळी मिळाली, कारण त्यातून पैसा वाचतो. वस्तीच्या गॅसला नळी कोण लावणार? लावणारा एक माणूस होऊन गेला. पुणे जिल्ह्यातल्या देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉ. सु. वि. मापुसकर. त्यांनी संडासाला जोडलेला 'मलप्रभा' हा बायोगॅस संच तयार केला. मैला आपोआप टाकीत जातो, कुणाला हात लावावा लागत नाही, गॅस चुलीला मिळतो. 'संडासाच्या गॅसवर भाकरी?' असे पहिल्यांदा पुष्कळांना वाटते. आमच्या घरातही हा प्रश्न निघाला होता. ज्योतीला विटाळ नसतो, एवढेच उत्तर आम्ही दिले. डॉक्टरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संच मात्र गावोगाव झाले नाहीत.

कायद्याचे म्हणाल, तर २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाख रुपये ठरवली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. ही रक्कम मागण्याचा हक्क घरच्यांना आहे, हे पुष्कळ विधवांना माहीत नसते.

आता घरच्या बायकांसाठी. टाकी भरली तर सक्शन टँकर नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीत विचारा. झाकण उघडताना जवळ बिडी, काडी, कंदील नको, आणि पोरे लांब ठेवा. कुणी आत पडलाच तर पाठोपाठ कुणी उडी घेऊ नये, सख्खा मुलगा असला तरी. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि झाकणे सगळी उघडी टाका.