खुलन्याचा नौसैनिक

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो, तो १९७१च्या कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ. कराची आठवते, ‘खुकरी’ आठवते. पण त्याच युद्धात पूर्वेकडे, खुलन्याच्या नदीपात्रात एका साध्या नौसैनिकाने जे केले, ते किती घरांत सांगितले जाते?

कमांडर मोहन नारायण सामंत या मराठी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘पानवेल’ या नौका १० डिसेंबरला खुलन्यावर चालून गेल्या. शत्रूच्या समजून आपल्याच विमानांनी त्यांतील ‘पद्मा’ व ‘पलाश’ बुडवल्या. हे कटू सत्य लपविण्याचे कारण नाही. पाण्यात पडलेल्यांवर काठावरून पाकिस्तानी गोळीबार सुरू झाला. हरियाणाचे लीडिंग सीमन चिमनसिंह स्वतः जखमी होते. तरीही एक गंभीर जखमी अधिकारी आणि तरंगणे अशक्य होत चाललेला दुसरा सहकारी, अशा दोघांना त्यांनी तीराला लावले. एवढ्यावर न थांबता ते शत्रूवर धावून गेले. दोघे निसटले, चिमनसिंह कैद झाले, ते बांगलादेश मुक्त झाल्यावरच सुटले.

बुडणाऱ्याला वाचविणाऱ्या नागरिकासाठी आपल्याकडे जीवन रक्षा पदक आहे. सैनिकाला मात्र ते कर्तव्याबाहेरील कृतीसाठीच मिळते. कर्तव्यावर वाचविलेला प्राण हा कर्तव्याचाच भाग! चिमनसिंहांना महावीरचक्र मिळाले. त्या युद्धात नौदलाला मिळालेल्या महावीरचक्रांत अधिकारी नसलेले ते एकटेच. त्यांच्या मानपत्रात शत्रू किती मारले याचा हिशेब नाही, दोन सहकारी वाचविल्याची नोंद आहे.

येत्या नौदल दिनी शाळांतून आणि शाखांतून कराचीबरोबर खुलनाही सांगितला जावा, सामंतांबरोबर चिमनसिंहांचेही नाव घेतले जावे.