फोन जुना की कान अपुरा?

गेल्या सत्रात एम.ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी एक अडचण घेऊन माझ्याकडे आली. यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांवर लघुप्रबंध लिहिण्याचे तिने ठरवले आहे. टंकनाचा वेळ वाचावा म्हणून आजी म्हणेल ती ओळ ती स्वतः फोनला सांगे आणि फोन ती लिहून घेई. परंतु ‘मले’ म्हटले की पडद्यावर ‘मुले’ उमटे, ‘काहून’चे ‘काढून’ होई. तालुक्याच्या दुकानदाराचे निदान स्पष्ट होते: हँडसेट पाच वर्षांचा झाला, आवाज ओळखायला नवा प्रोसेसर लागतो. “सर, नवा फोन घ्याच लागन काय?” तिने विचारले. कापसावर चालणाऱ्या घरात या प्रश्नाला किती वजन असते, हे वेगळे सांगायला नको.

माझा फोन तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. दोन्ही फोन टेबलावर शेजारीशेजारी ठेवून तीच वाक्ये मी तिला दोन्हींना सांगायला लावली. दोन्हींनी ‘मुले’च लिहिले. मग दोन्हींचे इंटरनेट बंद केले, तेव्हा दोघांनीही लिहिणेच थांबवले. एवढ्या एका प्रयोगाने सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण आम्हां दोघांपुरता उलगडा झाला. आमचे बोलणे फोन ऐकतच नव्हता; तो ते फक्त पोचवत होता. ऐकणारे यंत्र दूर कुठेतरी होते आणि ते दोघांसाठी एकच होते.

‘नवा प्रोसेसर लागतो’ या वाक्यापाशी भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. मराठीत ‘लागणे’ या क्रियापदाला, गरजेच्या अर्थाने, चतुर्थीची अपेक्षा असते: मला लागतो, तुला लागतो. दुकानदाराच्या आणि जाहिरातीच्या वाक्यातून नेमकी ही चतुर्थी गळालेली असते. कुणाला लागतो? बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्या यंत्राला, की विकणाऱ्याला?

या व्हॉइस असिस्टंटचा, म्हणजे आवाजी मदतनिसाचा, गेल्या दीड दशकाचा इतिहास पाहिला तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. ‘सिरी’ २०१० च्या फेब्रुवारीत एक स्वतंत्र अ‍ॅप म्हणून आली, तेव्हा ती २००९ सालच्या आयफोन थ्रीजीएसवर चालत होती. त्याच वर्षी अ‍ॅपलने ती कंपनी विकत घेतली. २०११ च्या ऑक्टोबरात सिरी नव्या आयफोन फोरएसचे खास आकर्षण म्हणून अवतरली आणि जुने अ‍ॅप मागे घेण्यात आले. नवी सिरी अधिक कामे करत होती, हे खरे. पण बोललेले शब्द ओळखण्याचे मुख्य काम तेव्हाही दूरच्या सर्व्हरवरच होत होते.

गूगलची कथा निराळी नाही. गूगल असिस्टंट २०१६ मध्ये फोनवर आला तो पिक्सेल या महागड्या फोनचा मानकरी म्हणून. २०१७ च्या पूर्वार्धात तो इतर अनेक अँड्रॉइड फोनांना मिळाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, केवळ ५१२ मेगाबाइट रॅम असलेल्या जिओफोनवर, हिंदी व इंग्रजीत बोलू लागला. २०१९ मध्ये तर गूगलने व्होडाफोन-आयडियाच्या साथीने लखनौ व कानपूर येथे निव्वळ दूरध्वनी क्रमांकावरून असिस्टंटशी बोलण्याची सोय करून पाहिली. त्यासाठी स्मार्टफोन नको होता आणि इंटरनेटही नको होते. सर्वांत नव्या फोनची ‘गरज’ असलेली वस्तू तीन वर्षांत साध्या फोनपर्यंत उतरते, तेव्हा ती गरज यंत्राची कमी आणि बाजाराची अधिक होती, असे म्हणणे भाग पडते.

मात्र येथे थांबलो तर ते अर्धसत्य होईल. काही गोष्टींना नवे हार्डवेअर खरोखरच लागते. खिशातला फोन दिवसभर आपल्या नावाची हाक ऐकत राहावा आणि तरी त्याची बॅटरी संपू नये, यासाठी कमी वीज खाणारी वेगळी सोय चिपमध्येच करावी लागते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा खासगीपणाचा. सिरीने टिपलेली बोलणी कंत्राटी माणसे ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झाले आणि अ‍ॅपलला क्षमा मागावी लागली. आवाज फोनबाहेर जाऊच नये, असे कुणाला वाटले तर ती चैन नव्हे. आणि ऐकण्याचे काम फोनमध्येच उरकायचे तर चिप समर्थ हवीच. २०२१ मध्ये अ‍ॅपलने तशी सोय दिली ती ए-१२ किंवा त्यानंतरच्या चिपवर. २०२४ च्या ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’साठी ८ गिगाबाइट रॅमची अट आली आणि जेमतेम वर्षभरापूर्वीचा साधा आयफोन १५ बाद ठरला. अवजड भाषा-प्रतिमाने फोनमध्ये मावायची तर जागा लागते, हा युक्तिवाद खोटा नाही. तरी अधिक जड प्रश्न तेथूनही कंपनीच्या सर्व्हरकडेच जातात, हे विसरू नये.

पण मावणे ही केवळ जागेची बाब नसते, कौशल्याचीही असते. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे दाखवले, की जुन्या पद्धतीत शब्दशोधाच्या एका भागालाच जवळपास २ गिगाबाइट जागा लागे. नव्या रचनेत आवाज ओळखणारे संपूर्ण प्रतिमान ८० मेगाबाइटमध्ये बसते. म्हणजे यंत्र न वाढवताही गरज घटवता येते. मात्र ही करामत प्रथम अवतरली ती अमेरिकन इंग्रजीत. श्रम आणि बुद्धी आधी कोणत्या भाषेवर खर्च होते, हे यातून कळते. मराठीत गूगलचे आवाजी टंकन २०१७ मध्ये आले, असिस्टंट २०१८ मध्ये. ते आले तेव्हा आपल्या फोनांच्या चिपा बदलल्या नव्हत्या. कुणीतरी मराठी आवाज जमवून यंत्राला शिकवले होते, एवढाच फरक होता.

माझ्या विद्यार्थिनीच्या अडचणीचे मूळही येथेच असावे. यंत्राला शिकवलेल्या मराठीत ‘मले’ पुरेसे नसणार. जी बोली आपण पाठ्यपुस्तकात अपवाद म्हणून ठेवली, वर्गात हसून दुरुस्त केली, ती यंत्राने आपोआप ओळखावी, ही अपेक्षाच न्याय्य नाही. यंत्राने प्रमाण मराठीचा आग्रह आपल्याकडूनच उचलला आहे. तो दोष नव्या प्रोसेसरने जाणार नाही. उलट चुकीचा शब्द किंचित अधिक वेगाने पडद्यावर येईल.

तेव्हा मराठीच्या विभागांनी काय करावे? डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोलींच्या सर्वेक्षणाने ध्वनिमुद्रणांचा एक पाया घातला आहे. केंद्राच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ या नावाने सामान्य माणसाला आपला आवाज देता येतो. आपले विद्यार्थी दरवर्षी क्षेत्रकार्याला जातात, ओव्या, म्हणी, कहाण्या गोळा करतात आणि ते साहित्य बांधीव प्रबंधांच्या रूपात कपाटात जाते. बोलणाऱ्यांच्या संमतीने, गाव आणि बोली नोंदवून, हे आवाज आणि त्यांची अचूक लेखी नक्कल एकत्र जपली, तर भाषाविज्ञानालाही त्याचा उपयोग होईल आणि यंत्रांनाही. हे काम कोणत्याही फोनच्या साध्या रेकॉर्डरवर होते. त्याचे फळ उद्या एखादी कंपनी फुकट नेईल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच अटी आपण ठरवाव्यात, आणि अटी घालायच्या तर आधी संग्रह आपल्या हाती हवा.

असो. विद्यार्थिनीला मी फोन घेऊ नकोस असे सांगितले. आजीचा आवाज आहे त्याच फोनवर मुद्रित कर आणि ओव्या हाताने उतरव, एवढेच. काम हळू चालले आहे, पण तिच्या वहीत ‘मले’ हे ‘मले’च राहिले आहे. दुकानदाराच्या वाक्यातून गळालेली ती चतुर्थी, योगायोगाने, यंत्राला ऐकू न आलेल्या याच शब्दात आहे.