ओळ कुठे संपते? नेवाशाच्या ओवीपासून टेक्स्ट फाइलपर्यंत

१/ संगणकातील एका अदृश्य चिन्हाची चिंता इतिहासाच्या अभ्यासकाने का करावी? कारण ते चिन्ह नसलेले पाठभेद निर्माण करू शकते. म्हणून माझे मत असे की, हस्तलिखिताचे लिप्यंतर टंकित करणाऱ्याला ‘ओळीचा शेवट’ ही गोष्ट नीट उमगलेली असावी.

२/ आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. जुन्या पोथ्यांत ओव्या सलग लिहिलेल्या असतात. ओळ कागदाच्या कडेशी संपते. ओवी मात्र दुहेरी दंड व क्रमांकापाशी. पान अरुंद झाले तरी ओवीची सीमा ढळत नाही.

३/ मोडी दस्तऐवजांत प्रश्न अधिक बिकट. शिरोरेषा आधी आखलेली, शब्दांत अंतर नाही आणि ओळ संपली की शब्द मध्येच तुटून खालच्या ओळीत जातो.

४/ आता यंत्राकडे वळू. टेलिप्रिंटरला नव्या ओळीसाठी दोन आज्ञा लागत: गाडा डाव्या कडेला आणणारी ‘कॅरेज रिटर्न’ आणि कागद एक ओळ पुढे सरकवणारी ‘लाइन फीड’. आस्की संकेतावलीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे १३ व १०.

५/ यंत्र गेले, आज्ञा उरल्या. डॉस व विंडोजने दोन्ही ठेवल्या. युनिक्स व लिनक्सने केवळ लाइन फीड. जुन्या मॅकिंटॉशने केवळ कॅरेज रिटर्न. पुढे मॅक ओएस टेननेही युनिक्सची रीत स्वीकारली.

६/ परिणाम पाहा. एकाच बखरीच्या दोन प्रती, एक विंडोजवर टंकित, दुसरी लिनक्सवर. तुलना करणारा प्रोग्राम प्रत्येक ओळ भिन्न असल्याचे सांगू शकतो, जरी एकही अक्षर वेगळे नसले तरी. खरे पाठभेद त्या गर्दीत हरवतात.

७/ शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठशुद्धीची ती परंपरा सांगणाऱ्यांनी यंत्राने निर्मिलेला भेद आणि लेखनिकाने केलेला भेद यांत गल्लत करणे शोभत नाही.

८/ कोणी म्हणेल, आता संपादक प्रोग्राम हे आपोआप सांभाळतात. खरे आहे; २०१८ पासून विंडोजचे नोटपॅडही तिन्ही प्रकार नीट दाखवते. परंतु सारखे दिसणे म्हणजे सारखे असणे नव्हे. अडचण डोळ्यांआड गेली, फाइलमधून नाही.

९/ म्हणून चार नियम सुचवतो.
• मूळ फाइल जशीच्या तशी जपावी. रूपांतर प्रतीवर करावे.
• तुलनेपूर्वी सर्व प्रती एकाच पद्धतीत आणाव्यात. लिनक्सवर ‘डॉसटूयुनिक्स’ हे साधन आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्येही तशी सोय आहे.
• दस्तऐवजातील ओळ जिथे संपते तिथे दिसणारी खूण, उदाहरणार्थ उभी रेघ, टंकित करावी.
• शब्द मध्येच तुटला असेल तर त्यासाठी वेगळी खूण ठेवावी. अन्यथा शोध घेताना तो शब्द सापडणारच नाही.

१०/ पोथी लिहिणाऱ्यांनी अर्थाची सीमा कागदाच्या कडेवर सोपवली नाही; दंड देऊन ती डोळ्यांना दिसेल अशी नोंदवली. आपणही ती अदृश्य चिन्हावर सोपवू नये. पुढच्या अभ्यासकाच्या हाती कोणता संगणक असेल, हे आज कोण सांगणार?