धरणाचे टक्के टाकताय? टीएमसीही टाका

पावसाळा लागला की जुन्नर-आंबेगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धरणसाठ्याची चित्रं फिरू लागतात. निळ्या पाण्याच्या पाच टाक्या, वर नावं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. बातमी न वाचणारेही हे चित्र बघतात आणि लगेच पुढे ढकलतात. शेतकरी त्यावरून उसाचा, कांद्याचा अंदाज बांधतो. म्हणून ही चित्रं बनवणाऱ्या पोरापोरींना सांगणं आहे: चित्र देखणं करा, पण ते बघून कुणाचा हिशेब चुकणार नाही एवढं बघा.

पहिली गोष्ट मापाची. कुकडी प्रकल्पाच्या या पाच धरणांचा उपयुक्त साठा मिळून साडेएकोणतीस टीएमसीच्या आसपास. त्यात एकट्या डिंभ्याचे सुमारे साडेबारा, माणिकडोहचे दहाच्या वर आणि वडजचे सव्वाहून थोडे कमी. या सगळ्यांना सारख्याच टाक्या काढणं म्हणजे आजोबा आणि नातवाला एकाच मापाचा सदरा शिवणं. वडज ९० टक्के भरलं तरी पाणी एक टीएमसीच्या आसपासच. डिंभे २० टक्क्यांवर असलं तरी तिथे अडीच टीएमसी असतं. चित्रात मात्र वडज तुडुंब आणि डिंभे कोरडं दिसतं. तेव्हा टाकीची उंची धरणाच्या साठ्याप्रमाणे ठेवा आणि टक्क्यांशेजारी टीएमसीचा आकडा लिहा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, हेही एकदा कोपऱ्यात सांगून टाका.

दुसरी गोष्ट, साठा कुठला ते लिहा: एकूण की उपयुक्त? पिंपळगाव जोगेत मृतसाठाच मोठा आहे. तो धरून आकडा दिला तर पाणी भरपूर वाटतं, पण कालव्याला नेहमी सुटतं ते उपयुक्त साठ्यातलं. हेच पाणी पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं आणि आवर्तनावरून दरवर्षी वाद होतात. अर्धवट चित्र त्या वादात तेल ओततं.

तिसरी गोष्ट, तुलना. नुसता आजचा आकडा मुका असतो. शेजारी गेल्या वर्षीचा याच तारखेचा साठा द्या. तारीख, वेळ आणि आकडा कुठून घेतला हे चित्रातच छापा. खाली मेसेजमध्ये लिहिलेलं पुढच्या ग्रुपवर पोचत नाही, चित्र तेवढं पोचतं. मग मागच्या वर्षीची टाकी यंदाची म्हणून फिरते.

बाजारभावाच्या चित्रांचंही तसंच. २०२३ च्या जुलैत नारायणगावला टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं, तेव्हा सगळीकडे झळकला तो सर्वांत जास्तीचा भाव. बहुतेकांचा माल त्या भावाने जात नसतो. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण, असे तिन्ही भाव दाखवा. ठळक करायचाच तर सर्वसाधारण करा. खांबांचा आलेख शून्यापासून सुरू करा. भाव पाचशेच्या थोडाच वर असताना तो पाचशेपासून सुरू केला, तर वीस रुपयांच्या घसरणीनेही भाव कोसळल्यासारखा दिसतो.

याच ग्रुपवर बिबट्या कुठे आढळला त्याचे नकाशे फिरतात, तिथे तर आणखी जपून. कुणीतरी पाहिला, ठसे मिळाले, जनावर मारलं, माणसावर हल्ला झाला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारींना एकच लाल ठिपका देऊ नका. जिथे लोक जास्त कळवतात तिथे ठिपके जास्त दिसतात, हेही लिहा. अख्खा तालुका लाल रंगवून काही कळत नाही, घाबरगुंडी मात्र उडते. वनखात्याने दुजोरा दिलेली नोंद आणि ऐकीव नोंद वेगळ्या खुणेने दाखवा. त्याच चित्रात अंधारात एकट्याने न जाण्याची, पोरांना जवळ ठेवण्याची सूचना मोठ्या अक्षरांत येऊ द्या.

बाकी साधं आहे. एका चित्रात एकच गोष्ट. अक्षर उन्हात, लहान मोबाइलवर वाचता येईल एवढं. नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नका; काहींना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही. आकडा चुकला तर गुपचूप पुसू नका, दुरुस्त चित्र त्याच ग्रुपवर टाका.

आणि पाठवण्याआधी ते घरातल्या, आलेखाशी कधी संबंध न आलेल्या माणसाला दाखवा. 'यातून काय कळलं?' एवढंच विचारा. उत्तर तुमच्या मनातलं नसेल, तर समजावत बसू नका. चित्र पुन्हा काढा.