एम.ए. (मराठी) : प्रवेशापूर्वीचा प्रश्न

पदवी परीक्षेचे निकाल लागले की महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांत दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा संकोच असतो : ‘सर, मराठीत एम.ए. करू का?’ या प्रश्नाची दोन उत्तरे ठरून गेलेली आहेत. ‘साहित्याची आवड असेल तर अवश्य कर’ हे एक आणि ‘पुढे नेट-सेट हो, म्हणजे प्राध्यापक होशील’ हे दुसरे. पहिल्या उत्तरात विद्यार्थ्याच्या चरितार्थाचा विचार नाही. दुसऱ्यात ज्ञानशाखेचा विचार नाही आणि वस्तुस्थितीचाही नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो ऐन उमेदीच्या दोन वर्षांचा प्रश्न असतो. घरची मिळकत बेताची असेल तर त्या दोन वर्षांत बुडणाऱ्या कमाईचाही असतो. म्हणूनच त्याचे प्रामाणिक उत्तर देणे हे विभागाचे कर्तव्य ठरते. हे कर्तव्य आज नीट पार पाडले जाते काय, याचा विचार व्हावयास हवा.

मराठीच्या पदव्युत्तर अध्ययनाचा आरंभ सुखासुखी झालेला नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले खरे. परंतु उच्च परीक्षांत देशी भाषांना मानाचे स्थान मिळण्यासाठी न्या. महादेव गोविंद रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला तेव्हा वादाचा मुद्दा नोकरीचा नव्हता. या भाषेतील ग्रंथसंपत्ती उच्च अध्ययनाचा भार पेलण्याइतकी समर्थ आहे की नाही, हा तो मुद्दा होता. पुढे नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) आणि शिवाजी (१९६२) ही विद्यापीठे स्थापन झाली. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर तालुक्याच्या गावापर्यंत महाविद्यालये पोहोचली. या विस्ताराच्या काळात एम.ए. द्वितीय वर्गात उत्तीर्ण झालेल्याला अधिव्याख्यात्याची जागा मिळणे ही अपवादात्मक गोष्ट राहिली नव्हती. ‘एम.ए. करू का?’ हा प्रश्न त्या पिढीला फारसा छळत नव्हता, कारण त्याचे उत्तर व्यवस्थेनेच देऊन ठेवले होते.

त्या पिढीविषयी एक गैरसमज मात्र दूर करावयास हवा. केवळ नोकरीच्या अपेक्षेने आलेल्यांमुळे मराठीच्या अध्ययनाचा कस उतरला, असे अधूनमधून म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. शेतकरी, बलुतेदार आणि दलित कुटुंबांतून आलेल्या पहिल्या शिक्षित पिढीला एम.ए. ही सन्मानाच्या उपजीविकेकडे नेणारी वाट होती, यात वावगे काहीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून जी साहित्यदृष्टी पुढे आली, तिने मराठी समीक्षेची परिभाषाच बदलली. तेथे मराठीचे अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे याचे ठळक उदाहरण होय. उपजीविकेसाठी या शाखेत आलेल्यांनीच तिला नवे प्रश्न दिले. तेव्हा ‘केवळ आवड असणाऱ्यांनीच यावे’ हा उपदेश दिसतो तितका निर्मळ नाही. ज्याच्या घरी चरितार्थाची सोय आहे त्यालाच निखळ आवड परवडते. नोकरीचा विचार करणे हा विद्यार्थ्याचा दोष नव्हे. त्या विचाराला खोटे उत्तर देणे हा मात्र विभागाचा दोष आहे.

व्यवस्थेने देऊन ठेवलेले उत्तर कधीच कालबाह्य झाले आहे. १९८९ साली राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली आणि १९९१च्या विनियमांनंतर तिला निर्णायक महत्त्व आले. पूर्वी एम.ए. ही अध्यापनाची पात्रता होती. तेव्हापासून ती पात्रता परीक्षेला बसण्यापुरती पात्रता उरली, आणि त्यासाठीही खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला ५५ टक्के गुण आवश्यक झाले. पुढचे नियमही स्थिर राहिले नाहीत. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे २०१८ साली ठरले, तिची अंमलबजावणी लांबली आणि २०२३ साली ती अट मागे घेण्यात आली. २०२२च्या विनियमांनी एम.फिल. बंद केली. दरम्यान राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत पदभरतीवर वारंवार निर्बंध आले. जागा रिक्त राहिल्या आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे गेले. नेट किंवा सेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी.ही झालेला अध्यापक तासांच्या हिशेबाने मानधन घेतो, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे त्याला माहीत नसते. एम.ए.च्या वर्गाला शिकविणाराच पुष्कळदा असा असतो. विद्यार्थ्याला आपले भवितव्य समोर उभे असलेले दिसत असते. त्याविषयी वर्गात बोलले मात्र जात नाही.

न बोलण्याचे कारण अवघड नाही. पुरेसे प्रवेश झाले नाहीत तर तुकडी टिकत नाही. तुकडी टिकली नाही तर कार्यभार टिकत नाही. आणि कार्यभार गेला की पद धोक्यात येते. अनेक ठिकाणी पदव्युत्तर वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. तेथे तर विद्यार्थ्यांचे शुल्क हाच वर्गाचा आधार असतो. अशा स्थितीत ‘एम.ए. करू का?’ या प्रश्नाला उत्तर देणारा अध्यापक तटस्थ सल्लागार राहत नाही. तो हितसंबंधी पक्ष असतो. जून-जुलैत गावोगावी फिरून प्रवेश मिळविणाऱ्या अध्यापकांची अडचण खरी आहे आणि तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. तथापि, आपल्या नोकरीचे ओझे विद्यार्थ्याच्या दोन वर्षांवर टाकले जात आहे, एवढे भान तरी सल्ला देताना सुटू नये.

याचा दुसरा परिणाम वर्गात दिसतो. एम.ए. हे पुष्कळांसाठी प्रतीक्षालय झाले आहे. कोणी वसतिगृहातील जागा आणि ग्रंथालयातील खुर्ची मिळावी म्हणून प्रवेश घेतो आणि दिवसभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. कोणा मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले जावे, एवढाच हेतू असतो, आणि तो क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु अशा वर्गात उपस्थिती रोडावते, मूळ ग्रंथ बाजूला पडतात आणि छापील मार्गदर्शके त्यांची जागा घेतात. पात्रता परीक्षेचे स्वरूपही या प्रवृत्तीला पोषकच ठरले आहे. २०१२ पासून नेटमधील दीर्घोत्तरी लेखन संपले. आजची परीक्षा तीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडविण्याची आहे. ग्रंथ आणि कर्ता यांच्या जोड्या लावण्याची तयारी ही ग्रंथ वाचण्याच्या तयारीहून वेगळी असते. दोन वर्षे पहिल्या तयारीत घालविलेला विद्यार्थी पुढे पीएच.डी.साठी नाव नोंदवितो, तेव्हा त्याच्या गाठीशी वाचन नसते. एम.फिल. राहिली नसल्याने ही उणीव भरून काढण्याचा मधला टप्पाही आता उरलेला नाही.

मग एम.ए. कोणी करू नये, हे स्पष्ट सांगता येईल. ज्याला कविता-कादंबरी लिहावयाची आहे, त्याने केवळ तेवढ्यासाठी ती करू नये. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत, आणि अण्णाभाऊ साठे यांना तर शाळाही लाभली नाही. तिघांचेही साहित्य आज मराठीचे विद्यार्थी अभ्यासतात. ज्याला संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घ्यावयाचा आहे, त्यालाही एम.ए.ची अट नाही. माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला पदवी आणि बी.एड. पुरते, कनिष्ठ महाविद्यालयासाठी मात्र एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात. हा शेवटचा मार्ग अनेकांना उशिरा कळतो, कारण विभागात बोलणे होते ते केवळ नेट-सेटचे. भाषांतर, ग्रंथसंपादन, मुद्रितशोधन या क्षेत्रांत पदवीपेक्षा हाताखालचे काम अधिक बोलते, एम.ए.ने ती कामे शिकविली असतील तरच तिचा उपयोग.

एम.ए. जे देऊ शकते आणि अन्यत्र सहज मिळत नाही, ते काय? एखादा कठीण पाठ स्वतःच्या बळावर वाचण्याची शिस्त, हे त्याचे उत्तर होय. वि. का. राजवाडे यांच्यापाशी एम.ए.ची पदवी नव्हती. तरीही १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरण मांडले. या उदाहरणावरून पदवी निरर्थक आहे असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः ते उलट बाजूने पाहिले पाहिजे. राजवाडे यांनी एकट्याने, आयुष्य खर्ची घालून जे कौशल्य कमावले, ते सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही गुरूच्या सान्निध्यात, ठरावीक मुदतीत काही अंशी मिळावे, यासाठीच विद्यापीठीय विभाग असतो. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रकाशित झाले, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला. विद्यापीठीय अध्यापनाशी आयुष्यभर जोडलेल्या अभ्यासकांनी ही कामे केली. त्यांच्या पुढचे काम करणारे हात मात्र कमी आहेत. मोडीतील दप्तरे, सकळ लिपीतील पोथ्या, एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांचे जीर्ण अंक, बोलींचे अलिखित भांडार हे सारे वाचकाची वाट पाहत आहे. संगणकावर प्रतिमा साठविता येतात. त्या वाचावयास माणूस लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले. या घटनांचा आनंद योग्यच आहे. परंतु त्यांचा आधार घेऊन विद्यार्थ्यांना ‘आता मराठीला चांगले दिवस आले’ असे सांगणे घाईचे होईल. दर्जा म्हणजे पदे नव्हेत. दर्जामुळे कामाची गरज वाढली आहे, आणि त्या कामासाठी मनुष्यबळ घडविणारा वर्ग म्हणून एम.ए.कडे पाहिले गेले तरच त्या दर्जाला अर्थ येईल.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर प्रवेशापूर्वीचा प्रश्न अधिकच नेमका झाला आहे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एम.ए. एका वर्षात पूर्ण करता येते. त्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. म्हणजे एम.ए. ही अटळ पायरी राहिलेली नाही. जी पायरी टाळता येते, तिने आपली आवश्यकता सिद्ध केली पाहिजे.

यासाठी विभागांना दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली म्हणजे प्रवेशपत्रिकेसोबत एका पृष्ठाचे निवेदन द्यावे. गेल्या दहा वर्षांत या विभागातून एम.ए. झालेले विद्यार्थी आज काय करतात, त्यांपैकी किती जण पूर्णवेळ अध्यापक झाले, किती तासिका तत्त्वावर आहेत, किती जण अन्य व्यवसायांत आहेत, हे त्यात नावे न देता नमूद करावे. ही माहिती जमविणे एका अध्यापकाचे आठवड्याभराचे काम आहे. दुसरी म्हणजे इच्छुक विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी पंधरा दिवस एक पाठ द्यावा : लीळाचरित्रातील काही लीळा किंवा एखाद्या कवीचा एक संपूर्ण संग्रह. मार्गदर्शकाचा आधार न घेता त्यावर चार पृष्ठे लिहून आणण्यास सांगावे. लेखन चांगले असणे आवश्यक नाही. न कळलेल्या जागा त्याने प्रामाणिकपणे नोंदविल्या आहेत काय, त्या जागांवर तो पुन्हा परतला काय, एवढेच पाहावे. हा निकष इंग्रजी माध्यमातील विद्यार्थ्याला आणि खेड्यातील विद्यार्थ्याला सारखाच लागू पडतो. किंबहुना जुन्या मराठीतील अनेक शब्द ज्याच्या घरात आजही बोलले जातात, त्या दुसऱ्यालाच तो काहीसा अनुकूल आहे.

असे केल्यास प्रवेशांची संख्या घटेल, ही भीती खरी आहे. काही ठिकाणी तुकडीही जाईल. परंतु ज्यांना हवे ते येथे मिळणारच नव्हते, त्यांची दोन वर्षे वाचतील. जे निवेदन वाचून, पाठाशी झुंजून आणि चरितार्थाचा हिशेब मांडून तरीही प्रवेश घेतील, त्यांच्यासमोर मार्गदर्शकातील उत्तरे वाचून दाखविण्याची सोय अध्यापकाला उरणार नाही. ‘सर, एम.ए. करू का?’ या प्रश्नाला ‘हे पृष्ठ वाच, हा पाठ घेऊन जा आणि पंधरा दिवसांनी ये’ असे उत्तर मिळू लागले, तर विद्यार्थ्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होईल, आणि विभागालाही आपल्याकडे देण्यासारखे काय आहे, हे दरवर्षी नव्याने तपासावे लागेल.